धाकले, त्यांस्नी सांग

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं जे काम केलं, ते म्हणजे गाडीची पेट्रोलची गाळणी बदलली. बाजारात तिला फिल्टर म्हणतात. माझी बायको कलावती गाळणीच म्हणायची. चहाची एक, दुधाची एक आणि धाकलीची एक.

धाकली म्हणजे आमची गाडी. लाल, बुटकी, दोन दारांची, दोनच माणसं बसतील अशी परदेशी स्पोर्ट कार. सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या बोळात, भाड्याच्या घरात, एका म्हाताऱ्या ड्रायव्हरकडं असली गाडी कशी, ते पुढं सांगतो. आधी त्या दिवसाचं.

त्या दिवशी कलावती माझ्याशी बोलत नव्हती. तिला न विचारता मी मोठ्या दवाखान्यात तिच्या नावाचा नंबर लावून आलो होतो, म्हणून अबोला. तिचं हृदय मोठं झालं होतं आणि त्यातली एक झडप नीट मिटत नव्हती. पेठेतल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, मशीनवर बघून घ्या, वेळ घालवू नका. पाय सुजून भोपळ्यासारखे व्हायचे. आडवं पडलं की दम कोंडायचा. एवढं असून दवाखान्याचं नाव काढलं की बाई उठून चालू पडायची. मी रागावून बघितलं, हातापाया पडून बघितलं. शेवटी नंबरच लावला. तेव्हा तिनं अट घातली, आणि तीही मला नाही, गाडीला सांगितली.

"धाकले, तुझ्या दादल्याला सांग. रिक्षात बसून मी दवाखान्यात जायची न्हाय. अँब्युलन्समधी तर न्हायच न्हाय. तू नेत असशील तर येते म्हनावं."

गाडी कित्येक महिने कोपऱ्यापर्यंतसुद्धा गेली नव्हती. चालू व्हायची, दहा पावलं जायची आणि उचक्या देऊन बंद पडायची. कलावतीनं त्या भरवशावरच अट घातली होती. मला मात्र बरं वाटलं. गाडी दुरुस्त करणं माझ्या हातातलं होतं. नंबर दुसऱ्या दिवशी सकाळचा होता. म्हणजे गाडी आजच्या आज चालली पाहिजे.

आमच्याकडं नवरा-बायकोनं अबोला धरला तरी घर चालवायला लागतं. मग निरोप पोरांच्या तोंडून जातात. "बाळ्या, तुझ्या बापाला सांग, ताट वाढलंय." बाप तिथंच बसलेला असतो. तो म्हणतो, "बाळ्या, तुझ्या आईला सांग, भूक न्हाय." पोरगं बिचारं नुसतं इकडून तिकडं मान फिरवतं. आमच्या घरात पोर नव्हतं. झालं नाही. सुरुवातीच्या वर्षांत कलावती भिंतीला सांगायची, तव्याला सांगायची. गाडी घरात आल्यापासून गाडीला सांगायला लागली.

कलावती करकंबची. हाडापेरानं थोराड, रंगानं काळी, आवाज असा की बोळाच्या या टोकाला बोलली तर त्या टोकाचं कुत्रं उठून बसावं. मी माढ्याकडचा. ती चौथी पास आणि मी सातवी नापास. "आमच्यात शिकलेली मीच," असं ती पाहुण्यांना सांगायची. "मानूस कितवीत बसलं ते इचारू नका, कितवीतनं उठलं ते इचारा."

कडक भाकरी करून विकायचा तिचा धंदा होता. सोलापुरातली कडक भाकरी म्हणजे पापडासारखी पातळ ज्वारीची भाकरी, तव्यावर भाजून मग वाळवायची, महिना महिना टिकते. कलावती प्रत्येक भाकरी कानाशी धरून नखानं टिचकी मारायची. "बोलली," असं म्हणून डब्यात ठेवायची. जी बोलायची नाही, ती परत तव्याच्या कडेला उभी. भाकरी बोलायला पाहिजे आणि स्वतः रुसली की पंधरा दिवस गप्प. हे मी तिला एकदा सुनावलं. तर म्हणाली, "मला कुनी टिचकी मारून बघितली का?"

तिचं नाक मोठं होतं, आणि त्यावर तिचा फार विश्वास. दूध हुंगायची, तांदूळ हुंगायची, नवीन नोटसुद्धा हुंगायची. मी बाहेरून आलो की आधी शर्ट हुंगायची आणि सांगायची, "चौकातल्या हाटेलात बसला हुता. भजी खाल्ली. दोन प्लेट." चार घरं पलीकडच्या पद्मक्काच्या घरात गॅस गळत होता, तो हिनं आपल्या उंबऱ्यावर उभं राहून ओळखला. पद्मक्का तेलुगू विणकराच्या घरातली. ती सगळ्यांना सांगत सुटली, "कलाक्काचा नाक देवाचा नाक हाय." कलावती फुशारून म्हणाली, "डोळं फसत्यात, कान फसत्यात. नाक कुनाच्या बापाला भीत न्हाय."

तिचं दुसरं वेड गाळण्याचं. पाणी गाळायची, चहा गाळायची, तेल गाळायची. तुरीचं वरण शिजल्यावर ते गाळायचं काही कारण आहे का? गाळायची. जुन्या धोतराची फडकी तिच्याजवळ गठ्ठ्यानं असायची. "गाळल्याबिगर पोटात न्हाय," हे तिचं म्हणणं. पोटात जाणाऱ्या गोष्टींपुरतं ते खरं होतं. तोंडातून बाहेर पडायचं ते मात्र कधी गाळून पडलं नाही.

आता गाडीचं. मी एका चादरीच्या कारखानदाराकडं ड्रायव्हर होतो. उभा जन्म त्यांच्याकडंच गेला. त्यांच्या मुलानं ही गाडी हौसेनं आणली. दोन वर्षं उडवली आणि परदेशी गेला तो गेलाच. गाडी बंगल्यात लिंबाच्या झाडाखाली उभी. मी रोज पुसायचो, आठवड्यातून एकदा चालू करायचो. पुढं मालक वारले, बंगला मोकळा करायची वेळ आली. मालकीणबाई म्हणाल्या, "भानुदास, तुम्हीच हिला सांभाळलीत, तुम्हीच न्या. भंगारवाल्याच्या हातात द्यायला नको वाटतं."

टेम्पोला दोर बांधून आणली. आमचं घर पूर्वी विणकराचं होतं, त्यामुळं पुढं मागाची मोठी खोली आणि तिला रुंद फळ्यांचं दार. माग कधीच गेला होता, खोली रिकामी होती. सगळा बोळ जमला. कलावती पिठाच्या हातानं दारात येऊन उभी राहिली. गाडीच्या भोवती एक फेरी मारली. आत डोकावली.

"ह्यात तिसरं मानूस कुटं बसायचं?"

"तिसरं हाय कोन आपल्यात?" मी म्हणालो.

बोलून गेलो. बोळातले लोक हसले. ती हसली नाही. आत गेली. मला वाटलं, झालं, आता भिंतीला निरोप सुरू. पण बाहेर आली ती हातात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन. नव्या नवरीवरून ओवाळतात तसा तुकडा गाडीवरून ओवाळला, लांब टाकला, चाकांवर पाणी घातलं आणि बायकांना म्हणाली, "सवत आली बाई. मी थोरली, ही धाकली." मग गाडीच्या टपावर पिठाची पाचही बोटं उमटवली. ती मी पुसायला गेलो तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. घरातलं मानूस हाय, कळू दे लोकास्नी."

त्या गाडीतून आम्ही फार फिरलो असं नाही. पेट्रोल कोण घालणार. तिला उभी असलेली गाडीच जास्त आवडायची. दुपारी दार उघडून डावीकडच्या सीटवर बसायची, मांडीवर सूप, आणि चटणीसाठी शेंगा फोडायची. "हितं बसलं की मला कुनी काम सांगत न्हाय," म्हणायची. काम सांगायला घरात मी एकटा. आणि मी तिला कधी काम सांगितल्याचं मला आठवत नाही, तेवढी माझी छाती नव्हती.

एकदा तिच्या थोरल्या बहिणीकडं आम्ही जेवायला गेलो. जेवता जेवता मी म्हणालो, "भाकरी मऊ झालीया हां, ताई." झालं. परतताना एसटीत ती खिडकीशी बोलत होती. घरी आल्यावर धाकलीशी. असे दिवस गेले आणि संक्रांत आली. संक्रांतीला भांडण मिटतंच, तिळगूळ हातावर ठेवून गोड बोला म्हणावंच लागतं. मी सकाळपासून अंघोळ करून टोपी घालून तयार. कलावती नवं लुगडं नेसून वाटी घेऊन आली. माझ्या पुढून गेली. धाकलीच्या नाकाडावर तिळाची वडी ठेवली आणि म्हणाली, "तिळगूळ घे, गोड बोल. आन् त्यांस्नी सांग, मऊ भाकर खायाची आसंल तर तिळगूळबी तितंच जाऊन खावा."

मी ती वडी गाडीवरची उचलून खाल्ली. तिनं बघितलं आणि तोंडाला पदर लावून पाठ फिरवली. हसली, हे मला पाठीवरून कळलं. पण बोलली चार दिवसांनीच. सणासाठी तिनं कधी सूट दिली नाही.

दुसरी गोष्ट आगीची. मी गाडीत पेट्रोल ओतत होतो, आणि आतल्या कोनाड्यात देवापुढं दिवा जळत होता. थोडं पेट्रोल फरशीवर सांडलं, उताराकडं गेलं, आणि एकदम भक्कन जाळ धावत आला. मी नुसता उभा. आयुष्यभर गाड्यांत काढलेला माणूस, हातात डबा धरून उभा. कलावतीनं मोरीत भिजत घातलेली वाकळ उचलली, पाण्यासकट, आणि धाडकन जाळावर टाकली आणि वर स्वतः उभी राहिली. विझलं. मग तिनं देवाकडं तोंड केलं आणि देवालाच झापलं, "तुमाला दिसत न्हवतं व्हय, गडी पेट्रोल वततोय ते?"

त्या दिवसापासून नियम झाला. गाडीचं पेट्रोलचं काम निघालं की देवाचा दिवा पद्मक्काकडं जायचा, पेटलेलाच, पदराच्या आडोशानं. मी म्हणायचो, "अगं फुंकर मारून विझव की." ते तिला चालायचं नाही. दिवा विझवला असं आमच्यात म्हणतसुद्धा नाहीत, वाढवला म्हणतात. आणि फुंकर तर देवाच्या दिव्याला मारतच नाहीत. "देव पाव्हणा गेलाय, सांजच्याला येतंय," असं पद्मक्काला सांगून यायची.

दम लागायला लागल्यावर सगळं हळूहळू थांबलं. आधी भाकरी बंद झाल्या. मग शेंगा. भिंतीला टेकून झोप लागेना, तेव्हा धाकलीची सीट मागं कलते हे तिच्या लक्षात आलं. त्या सीटवर उशी घेऊन पडायची. मी बाजूला, ड्रायव्हरच्या जागेवर. बंद गाडीत, पुढं भिंत, आणि दोघं बसलेलो. तिचा श्वास ऐकत मी जागा असायचो. आत पाणी भरल्यासारखा बुडबुड आवाज यायचा. ड्रायव्हरला इंजिनचा आवाज कळतो. हे इंजिन फार चालणार नाही, हे मला कळत होतं. म्हणून नंबर लावला.

दवाखान्याची तिला भीती का होती, तेही सांगतो. तिची आई पोटात दुखतं म्हणून आपल्या पायानं जीपमध्ये चढून दवाखान्यात गेली. जाताना कलावतीला म्हणाली होती, चुलीवर दूध हाय, बघ. ते दूध आटायच्या आधी परत येणार असल्यासारखी गेली. तिसऱ्या दिवशी चादर घालून आणली. तेव्हापासून कलावतीचं ठरलं, "चालत जातंय ते मानूस झोपून येतंय. मी हितंच झोपते की. कशाला जायचं-यायचं?" मी म्हणायचो, लोक बरे होऊन पण येतात. ती म्हणायची, "लोकांची आई न्हवती ती."

तर त्या सकाळी मी बाजारातल्या दुकानातून फिल्टर घेऊन आलो. आमच्या गाडीचा कुठला मिळणार, दुसऱ्या गाडीचा, पण नळीला बसेल असा बघून आणला. बोटभर लांब, प्लास्टिकचा, आत कागदाची घडी आणि अंगावर एक बाण. पेट्रोल टाकीकडून येतं आणि इंजिनकडं जातं. बाण इंजिनकडं पाहिजे. एवढंच त्यातलं शास्त्र.

कलावती सांगितल्याशिवाय कामाला लागली. दिवा पद्मक्काकडं पोचवला. चार घरं चालायची, येताना दोनदा थांबली. गॅसचं बटण बंद केलं. फळ्यांचं दार सताड उघडलं. वाळूची बादली जवळ ओढायला लागली तेव्हा मी तिच्या हातातून काढून घेतली. मी बॅटरीची वायर सोडवली, जॅक लावला, चाकाशेजारी विटा रचल्या आणि पोतं टाकून मागच्या बाजूनं खाली शिरलो. ह्या गाडीचा फिल्टर मागं असतो, टाकीच्या पोटाशी. ती पाटावर बसली आणि टॉर्च धरला. टॉर्चचा उजेड तिच्या श्वासाबरोबर वर-खाली होत होता.

मी नळी चिमट्यात दाबली, क्लिपा सैल केल्या आणि जुना फिल्टर ओढला. खाली पत्र्याचं ताट ठेवलं होतं, त्यात पेट्रोल गळलं. चहासारखं तांबडं. कलावतीनं जुना फिल्टर हातात घेतला, हुंगला, फडक्यावर उलटा केला. फडक्यावर गंजाचा भुगा पडला, नाचणीच्या पिठासारखा.

"बग धाकले, काय काय गिळून बसली हुतीस," ती म्हणाली. "तुझ्या दादल्याला इचार, नुसती गाळनी बदलून काय हुनार? गाळ तर टाकीत हाय."

मी खालून म्हणालो, "धाकले, तुझ्या थोरलीला सांग. गाळनी बदलली की गाडी चालती. गाळ राहीना का. तिच्याबी छातीत तसलीच गाळनी हाय, ती बदलून घेती का इचार."

वरून आला तो नुसता श्वास.

मला मोतीबिंदू. त्या अंधारात प्लास्टिकवरचा बाण दिसेना. चष्म्यावर पेट्रोल उडालेलं. फिल्टर नळीत धरून मी विचारलं, "धाकले, बान कुनीकडं हाय ते थोरलीला इचार गं."

ती वाकली, टॉर्च जवळ आणला, आणि म्हणाली, "तुझ्या तोंडाकडं हाय की."

गाडीचं तोंड म्हणजे पुढं, इंजिन पुढं, म्हणजे बरोबर. मी क्लिपा आवळल्या आणि बाहेर आलो. बॅटरी जोडली, चावी फिरवली. चालू झाली. कलावतीचं तोंड उतरलं, हे मी आरशात बघितलं. मी जरा पाय दाबला, तर गाडी ठसकली, घुसमटली आणि बंद. परत चालू केली. हळू चालायची, दाबली की घुसमटायची, अगदी बायकोसारखी. परत पोत्यावर. सगळं परत सोडलं. उन्हात नेऊन चष्मा पुसून बघितलं तर बाण उलटा, टाकीकडं.

"धाकले!" मी ओरडलो. "तिला इचार, तुझं तोंड कुटं हाय?"

"हे काय!" तिनं मागच्या पेट्रोलच्या झाकणावर थाप मारली. "जितनं खाती ते तोंड. पुढं हाय ते नुसतं थोबाड. त्यानं ती काय खाती का?"

पंचेचाळीस वर्षं मी गाड्या चालवल्या, आणि गाडीचं तोंड मागं असतं हे मला त्या दिवशी कळलं. मला हसू आलं. पोत्यावर बसून मी हसलो. तीही हसली, आणि हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली. पाटावर ती पुढं वाकली, टॉर्च खाली पडला. मी उठून पाठ चोळली. पाठ सगळी घामानं ओली. थंडगार. अबोल्यात पाठ चोळायची की नाही, ह्याचा काही नियम नव्हता.

फिल्टर सुलटा बसवला. ह्या वेळी चालू झाली आणि दाबली तशी बोलली. गळतंय का म्हणून मी बोटानं नळी चाचपली, आणि कलावतीनं सगळीकडं नाक फिरवलं आणि मान हलवली, नाही गळत. मग मी गाडी बाहेर काढली, कोपऱ्याला वळसा घालून, चौकापर्यंत जाऊन परत आलो. उचकी नाही, ठसका नाही. बोळातले लोक दारात उभे. पद्मक्का टाळ्या वाजवत होती. कलावती फळीला धरून उभी होती. तिची अट पुरी झाली होती. आता पळायला वाट नव्हती, आणि ते तिला कळलं होतं. चेहरा असा झाला होता, की एक क्षण मला वाटलं गाडी बंद पडली असती तर बरं झालं असतं.

मी गाडी आत घेतली. तिनं टपावर हात ठेवला. "धाकले, त्यांस्नी सांग," ती म्हणाली. "येते म्हनावं. सकाळी."

दुपारी ती कपड्यांची ट्रंक उघडून बसली होती. धाकलीला विचारत होती, दवाखान्यात हिरवं नेसावं का जांभळं. मी म्हणालो, "धाकले, हिरवं सांग." तिनं हिरवं काढून खाटेवर ठेवलं.

दिवेलागणीला मी मोरीपाशी उभा होतो. ती दारातून जाता जाता म्हणाली, "हात धुवा की नीट. वास येतोय अजून. बेसन लावून धुवा." आणि दिवा आणायला पद्मक्काकडं गेली. मी बेसन लावून हात धुतले. धुता धुता माझ्या डोक्यात आलं नाही, की हे ती गाडीला बोलली नव्हती. मला बोलली होती. अबोला मोडला होता, आणि मी बोटांच्या बेचक्या घासत बसलो होतो.

बाहेर आलो तर ती उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून बसली होती. दिवा कोनाड्यात नीट ठेवलेला, वात सारखी केलेली. आधी दिवा ठेवला, मग बसली. डोळे उघडे होते. मी म्हणालो, "काय गं, दम लागला?" परत म्हणालो. मग नाकापुढं हात धरला. बेसनाचा हात.

करकंबहून तिचा भाऊ नामदेव माणसं घेऊन आला. त्याच रात्री उरकलं. अँब्युलन्समध्ये बसायची नाही म्हणाली होती, शेवटी तसल्याच गाडीतून नेली. हिरवं लुगडं नेसवलं. बायका म्हणत होत्या, भाग्याची, सवाष्ण गेली, कुंकवानं गेली. मी ऐकत होतो. कुंकू कपाळावर होतं हे खरं. भाग्याचं मला काही दिसलं नाही.

सकाळी मी अंघोळ केली, टोपी घातली आणि चावी घेतली. घर पाहुण्यांनी भरलेलं. नामदेव दारात आडवा आला.

"दाजी, कुटं निगाला? सुतक हाय."

"नंबर हाय," मी म्हणालो.

"कसला नंबर?"

"तिचा. दवाखान्यातला. ती हो म्हनली हुती."

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि बाजूला झाला. माणसाचं डोकं फिरलंय असं त्याला वाटलं असणार. फिरलंही असेल. मला एवढंच कळत होतं, की ती येते म्हणाली होती. शब्द दिला होता. तिकडं तिचं नाव पुकारतील आणि कोणीच उठणार नाही, हे मला बघवत नव्हतं.

गाडी एका चावीत चालू झाली. दवाखान्यापर्यंत लोण्यासारखी गेली. वाटेत कुणी कुणी वळून बघत होतं, लाल गाडी आणि म्हातारा. आत बाकावर जागा मिळाली. शेजारी एक म्हातारी सुनेच्या खांद्यावर डोकं ठेवून बसली होती. तिचा श्वास मी ऐकत बसलो. तसाच बुडबुड.

"कलावती भानुदास!"

मी उठून खिडकीशी गेलो.

"पेशंट कुठंय?" आतल्या बाई म्हणाल्या.

"आली न्हाय."

"अहो बाबा, पेशंटशिवाय डॉक्टर काय बघणार? घेऊन या त्यांना. मी नंबर ठेवते दुपारपर्यंत."

"नका ठेवू," मी म्हणालो. "ती ऐकायची न्हाय."

बाईंनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि पुढचं नाव पुकारलं. शेजारची म्हातारी सुनेचा हात धरून उठली. माझ्यासमोरून आपल्या पायानं आत गेली.